श्वासाची राखण

मागल्या वर्षी मृगाच्या तोंडावर माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, आम्ही बोरी अरबहून यवतमाळच्या एका रुग्णालयात हलवले. गाडीत ती सरळ बसूनच होती. जरा मागे रेलली की दम कोंडायचा. ओठांवर निळसर छटा आली होती आणि बोलताना प्रत्येक दोन शब्दांमागे थांबावे लागत होते. रुग्णालयात पोचल्यावर मनगटाच्या धमनीतून रक्त काढले. तासाभराने डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की फुप्फुसांनी काम जवळजवळ सोडले आहे. रक्तात प्राणवायू कमी पडतो आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेर जायला हवा तो कार्बन डायऑक्साइड आतच साठतो आहे. विडी-तंबाखूचे विचारले. ताईने जन्मात विडीला हात लावला नाही. मग चुलीचे विचारले. तेव्हा मी गप्प झालो. आमच्याकडे वावरातला कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या घरी येतात आणि वर्षभर चुलीत जळतात. पन्नास वर्षे ताई त्या धुरासमोर बसली. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच, हा तिचा हट्ट. दुखण्याचे कारण आमच्या स्वयंपाकघरातच होते.

पहिल्या दोन रात्री मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर काढल्या. आत नाकातोंडावर घट्ट मुखवटा बसवून यंत्राने हवा ढकलत होते. त्याला बायपॅप म्हणतात, हे तेव्हा कळले. तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणले आणि मला शेजारी स्टुलावर बसायची मुभा मिळाली. मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली. कोणी लिहीत असले की डोकावून बघायची सवय जात नाही. रात्रपाळीची सिस्टर, वय पंचविशीचे असेल, एका आखलेल्या कागदावर लिहीत होती. एका रकान्यात आजाऱ्याची अडचण, दुसऱ्यात काय साधायचे, तिसऱ्यात कोणी काय करायचे, चौथ्यात प्रत्यक्षात काय झाले. पाठ उशीकडून उचललेली ठेवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. मुखवट्याच्या पट्ट्यांनी नाकाच्या हाडावर जखम होऊ नये म्हणून मऊ पट्टी लावायची आणि ती काढून कातडी रोज बघायची. तोंड कोरडे पडते म्हणून ठराविक वेळी मुखवटा काढून तोंड पुसायचे, दोन घोट पाणी द्यायचे. जेवण थोडे थोडे, पण चार वेळा, कारण भरल्या पोटी श्वासाला जागा उरत नाही. आणि सकाळी पाळी बदलताना दोघी सिस्टर खाटेजवळ उभ्या राहून तो कागद एकमेकींना वाचून दाखवत. आमच्याकडे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत आणि कॅश ताब्यात देताना असेच दोघे उभे राहत. मला ती पद्धत ओळखीची वाटली. फक्त इथे ताब्यात द्यायची होती ती माझी बहीण.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगून टाकतो. चौथ्या रात्री ताईची तगमग बघवेना, बोटाला लावलेल्या चिमट्यावर ८९ आकडा दिसत होता, आणि मला वाटले शंभराला अकरा कमी म्हणजे केवढी तूट. मी उठून भिंतीवरच्या ऑक्सिजनची कळ थोडी फिरवली. आकडा ९६ वर गेला आणि मी समाधानाने बसलो. पाऊण तासाने सिस्टर आली, आकडा बघून दचकली, आधी कळ पूर्ववत केली आणि मग माझ्याकडे वळली. तिने आवाज चढवला नाही. ताईसारख्या आजाऱ्याला ८८ ते ९२ एवढाच आकडा हवा, त्याहून जास्त प्राणवायू दिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, माणूस गुंगीत जातो आणि नातेवाइकांना वाटते की बरी झोप लागली. हे सांगून तिने ताईला जागे केले, दोन्ही हात पुढे करून बोटे ताठ ठेवायला सांगितली, पंजे फडफडतात का ते पाहिले, गावाचे नाव विचारले. ताईने बोरी अरब म्हटले तेव्हा सिस्टरचा चेहरा सैल झाला. नंतर तिने नाडी मोजत असल्यासारखे मनगट धरले आणि नजर मात्र छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. आजाऱ्याला कळू द्यायचे नसते, कळले की श्वासाची चाल बदलते.

त्या रात्री माझ्या पिशवीत रमाबाई रानडे यांचे आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक होते. नोकरीच्या काळात पुण्याला बदली झाली असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत ते घेतले होते. घरून निघताना हाताला लागले ते पिशवीत टाकले, एवढेच. पण सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी ते उघडले, आणि मग रुग्णालयातल्या बाकीच्या रात्री रमाबाईंच्या सोबतीने गेल्या. त्यांच्याविषयी माझ्याजवळ असलेले आणखीही काही पुढच्या दिवसांत पुन्हा काढून वाचले. कारण शेवटी सांगतो.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घरात. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, आणि यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणूनही आपल्याला ठाऊक आहे. माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षर शिकवायची पद्धत त्या घरात नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. ते एकतीस वर्षांचे, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करून बसेल, या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न ठरवले आणि माधवरावांनी वडिलांपुढे मान तुकवली. सुधारकांनी त्यांना बोल लावले ते वावगे नव्हते, असे मला वाटते. विधवांची बाजू घेणाऱ्या माणसाची बायको अकरा वर्षांची कुमारिका, ही विसंगती त्या मुलीला पुढे आयुष्यभर पुरली. पण त्या माणसाने एक गोष्ट लगेच केली. लग्नानंतर लागलीच पाटी आणली.

वाड्यात सासू, नणंदा, आश्रित बायका असा मोठा गोतावळा. नवरा दिवाणखान्यात स्त्रीशिक्षणावर बोलत असे आणि त्या बोलण्याची किंमत मुलीला माजघरात मोजावी लागे. इंग्रजी शिकवायला मडम येऊ लागली तेव्हा तर विटाळाचा प्रश्न आला. शिकून झाले की शिवाशीव, टोमणे, अबोला. माधवराव आपल्या वडीलधाऱ्या बायकांना कधी तोडून बोलले नाहीत. त्यांनी बायकोलाच सोसायला सांगितले, उलट उत्तर करू नये असे शिकवले. आठवणींत रमाबाईंनी हे सगळे इतक्या शांतपणे लिहिले आहे की आपल्यालाच राग येतो. मला तरी आला. त्या मात्र दिवसभर घरकाम करीत आणि रात्री नवऱ्याच्या तळपायांना तूप चोळता चोळता वाचून दाखवीत. वाचनाची आणि सेवेची त्यांची शाळा एकच होती.

नाशिक, धुळे, पुणे अशा बदल्यांबरोबर त्या वाढत गेल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. दोन रमाबाईंची तिथे गाठ पडली. १८८४ साली मुलींच्या हायस्कुलासाठी हिराबागेत सभा भरली, गव्हर्नर हजर होते, आणि बावीस वर्षांच्या रमाबाईंनी उभे राहून इंग्रजीत निवेदन वाचले. त्याच वर्षी पुढे हुजूरपागा म्हणून नावाजलेली शाळा निघाली. घरी परतल्यावर त्यांचे स्वागत कसे झाले असेल, हे सांगायला नको. १८८६ मध्ये माधवराव सरकारच्या वित्त समितीवर गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सिमला, कलकत्ता असा मोठा प्रवास झाला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण उठले आणि पुढे माधवरावांनी प्रायश्चित्तही घेतले. या सगळ्यात पत्नीला काय वाटले हे तेव्हा कोणी विचारले नाही. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी १८९४ साली बायकांचा क्लब काढला. शिवण, भाषा, सामान्य ज्ञान असे वर्ग तिथे चालत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

माझा मुख्य रोख यापुढच्या पानांवर आहे. शतक संपता संपता माधवरावांच्या छातीत कळा येऊ लागल्या. हृदयाचे दुखणे होते. संध्याकाळ-रात्रीच्या सुमाराला कळ येई, दम लागे, आणि ते होता होईल तो लपवीत. लपवणाऱ्या आजाऱ्याची सेवा ही सगळ्यांत अवघड. रमाबाईंनी त्या दिवसांची हकिगत लिहिली आहे. त्यांच्याजवळ चिमटा नव्हता, आकडा नव्हता. डोळे होते. आज चालणे किती झाले, जेवण कसे गेले, बोलताना चेहरा कसा होता, कळ आली की त्यांनी विषय कसा बदलला. ती पाने मी ऐन तिशीत वाचली तेव्हा मला ती पतिभक्तीची वाटली होती. वॉर्डातल्या स्टुलावर बसून वाचताना ती निराळी वाटली. कोणीही न शिकवलेली परिचारिका त्या पानांत काम करते आहे. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री माधवराव गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या.

मुंबई सोडून त्या पुण्याच्या जुन्या वाड्यात आल्या आणि साधारण वर्षभर जवळपास कोणाला भेटल्याच नाहीत. न्यायमूर्तींची विधवा हे पद मोठे होते. पोथ्या वाचत, नवऱ्याची स्मारके बघत, मान घेत उरलेली वर्षे काढली असती तर कोणी काही म्हटले नसते. पण विधवेला जे कोपऱ्यातले जिणे देतात, त्याच्या आतून त्यांनी आता पाहिले होते. हळूहळू त्या बाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात. सणासुदीला रुग्णालयांत जाऊन खाटेखाटेवर फळे, फुले, पुस्तके वाटत. १९०४ मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले, ते रानड्यांच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. ज्या घरात मडमेपाशी शिकले म्हणून शिवाशीव झाली, त्याच घरात आता बायका लिहायला, वाचायला, शिवायला आणि पोट भरायला शिकू लागल्या. आठवणींचे पुस्तक १९१० साली आले, ते या धामधुमीत.

रुग्णसेवेचा वर्ग १९११ च्या सुमाराचा. आज आपल्याला सिस्टर हा शब्द उच्चारताना काहीच वाटत नाही. तेव्हा पांढरपेशा हिंदू घरांत परिचारिका म्हणजे मडम किंवा ख्रिस्ती बाई, हे ठरून गेले होते. मिरजेसारख्या मिशन रुग्णालयांनी या कामाची शिस्त आपल्याकडे रुजवली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करताच गेल्या, तेही पुण्यातच. म्हणजे उदाहरण डोळ्यांपुढे होते. तरीही परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची थुंकी, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, या तीन गोष्टी ऐकल्या की घराचे दार बंद होई. रमाबाईंनी आणि देवधरांनी ससून रुग्णालयात बायकांना शिकायला पाठवायचे ठरवले, तेव्हा खरी लढाई रुग्णालयाशी नव्हती. बायकांच्या भावांशी, दिरांशी, सासऱ्यांशी होती. रमाबाईंनी त्यासाठी वसतिगृह उभारले, म्हणजे मुलगी रात्री कुठे राहणार हा प्रश्न निकालात निघाला. संस्थेच्या मागे न्यायमूर्तींच्या पत्नीचे नाव होते, म्हणजे लोक काय म्हणतील याचेही अर्धे उत्तर मिळाले. मग तरुण विधवा येऊ लागल्या. त्यांना दुसरे कोण बोलावत होते?

एका वार्षिक समारंभाची गोष्ट सांगतात. बक्षीस घ्यायला एक विधवा विद्यार्थिनी जुन्या विधवेच्या वेशात व्यासपीठावर आली आणि सज्जातल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. आभार मानायला रमाबाई उठल्या. आभार बाजूला राहिले. तुमच्यापैकी कोणाच्या घरात विधवा बहीण, आत्या, मावशी नाही ते सांगा, आणि घरी गेल्यावर तिच्याकडे बघूनही असेच ओरडणार का तेही सांगा, अशा अर्थाचे त्या बोलल्या. सज्जा गप्प झाला म्हणतात. ही हकिगत मी पूर्वीही वाचली होती आणि पान उलटले होते. या वेळी पुस्तक मिटून ठेवावे लागले.

आता कारण सांगतो. १९७२ च्या दुष्काळाच्या साली आमचे मेहुणे गेले आणि ताई बाविसाव्या वर्षी बोरी अरबला माहेरी परत आली. मूलबाळ नव्हते. ती सातवी पास होती, अक्षर गोल, डोके हिशेबाचे. दोनेक वर्षांनी गावात लसीकरणाला येणाऱ्या नर्सबाईंनी तिला हेरले. सातवी झालेल्या मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण मिळते, राहायची सोय असते, नंतर सरकारी नोकरी. त्यांनी अर्जाचा नमुना आणून दिला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. माझे अक्षर बरे म्हणून अर्ज मी भरला, ताईने सही केली आणि मी तो टपालात टाकायला निघालो. ओसरीवर वडील बसले होते. त्यांनी पाकीट मागितले, वाचले, घडी केली आणि वहीखात्यांच्या पेटीत ठेवून दिले. ते रागावले नाहीत. तिला सांगू नको, एवढेच बोलले. संध्याकाळी ताईने विचारले तेव्हा मी टाकला म्हणून सांगितले.

दोन महिने ती पोस्टमनच्या सायकलीकडे बघत असे. मग बघेनाशी झाली. पुढे मला बँकेत नोकरी लागली, बदल्या झाल्या, लग्न झाले, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत एक विधवा नायिकाही आहे आणि वाचकांची तिला खूप पत्रे आली. ताई चुलीपाशी होती. माझी मुले तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढली. वडील कधीच गेले. पेटी वाटणीत माझ्याकडे आली आणि अर्ज तिच्यात होता. मी तो फाडलाही नाही आणि दाखवलाही नाही.

रमाबाईंचे पुढचे थोडक्यात सांगतो. सेवासदनाचे काम पसरत गेले, शाखा निघाल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनातल्या बायकांना घेऊन त्या यात्रेकरू बायकांच्या मदतीला जात. मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे यासाठी पुण्यात आणि बायकांना मताचा हक्क मिळावा यासाठी मुंबई इलाख्यात ज्या चळवळी झाल्या, त्यांतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०१२ साली टीव्हीच्या पडद्यावर त्यांच्या लहानपणापासूनची मालिका आली, उंच माझा झोका, तेव्हा ताईने ती एकही दिवस न चुकवता पाहिली होती. मालिकेत रस होता तो छोट्या यमुनेच्या पाटीचा. ससूनचा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. मला तोच त्यांच्या आयुष्याचा कळस वाटतो. सभेत इंग्रजी वाचणारी बाई पाहून लोक चकित झाले. पण दुसऱ्याच्या थुंकीचे भांडे उचलणाऱ्या बाईला मान मिळवून देणे ही त्याहून मोठी करामत होती.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. फ्लोरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ साली शुश्रूषेवर छोटे पुस्तक लिहिले आणि आजाऱ्याच्या खोलीतल्या हवेला पहिला मान दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता, आणि माधवराव तर त्या सभेचे प्राण. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले येऊ लागली आणि यंत्रे बोटांवर मोजण्याएवढी. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरने गळ्याला छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास चालू ठेवायचे ठरवले. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे ती पिशवी दाबत बसले. आधी असे शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत. तो आकडा काही महिन्यांत निम्म्याच्या खाली आला. आजचे अतिदक्षता विभाग तिथून निघाले. ताईच्या नाकावरचे यंत्र हे त्या पिशवीचेच नातवंड. आणि ते यंत्र असले तरी कोणीतरी बसून राहावे लागतेच.

सहाव्या रात्री मी ताईला अर्जाचे सांगितले. मुखवटा लावलेला होता, तिला बोलता येणार नव्हते, आणि मी मुद्दाम तीच वेळ निवडली हे कबूल करतो. बारा-पंधरा वाक्यांत सांगून झाले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बोटाने पाण्याची खूण केली. मी सिस्टरला बोलावले, तिने मुखवटा उचलून दोन घोट दिले, नाकाची पट्टी तपासली. ताईने त्या मुलीला विचारले की कितवी झाली. मुलीने सांगितले की बारावीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आता ही पदवी आहे. ताईने आणखी विचारले की घरचे कोणी अडवले नाही का. मुलगी हसली. तिचे वडील दिग्रसकडे शेती करतात आणि फी भरायला त्यांनी बैलजोडी विकली होती. मुखवटा परत बसला. माझ्याकडे ताईने त्या रात्री पुन्हा पाहिले नाही.

अकराव्या दिवशी सुट्टी मिळाली. त्याच सिस्टरने घरचा कागद मराठीत लिहून दिला आणि मला तो मोठ्याने वाचायला लावला. प्राणवायूचे यंत्र दिवसातून किमान पंधरा तास, आकडा ८८ ते ९२. वीज गेली तर भरलेला सिलिंडर हाताशी. यंत्राजवळ दिवा-उदबत्ती नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. थुंकीचा रंग बदलला, पायाला सूज आली, सकाळी डोके दुखले किंवा भलत्या वेळी झोप येऊ लागली तर थांबायचे नाही, निघायचे. आणि चूल बंद. यावर ताईने मान हलवली नाही, पण घरी आल्यावर मी चूल फोडली तेव्हा ती अंगणात पाठ करून बसून राहिली.

बोरी अरबला वीज जाते हे काही नवे नाही. इन्व्हर्टर बसवला, दारव्ह्याहून सिलिंडरची सोय लावली. बँकेतली सवय म्हणून मी एक वही आखली. तारीख, वेळ, आकडा, श्वास मिनिटाला किती, थुंकी, जेवण. आठवडाभर मी लिहीत होतो. एका दुपारी मला डुलकी लागली आणि उठल्यावर दोनच्या रकान्यात मी अंदाजाने ९० लिहून टाकले. ताई खाटेवरून बघत होती. तिने वही मागून घेतली, चष्मा लावला, माझा आकडा एका सरळ रेघेने खोडला, बाजूला आपल्या गोल अक्षरात लिहिले की दोन वाजता पाहिले नाही, आणि खाली सही केली. तेव्हापासून वही तिच्या उशाखाली असते. मला फक्त पाने आखून द्यायची परवानगी आहे.